खिसे नसलेले कपडे

श्रीमंताच्या घरी पैसा असतो, एवढे सांगून कादंबरीकाराचे काम भागत नाही. तो पैसा दिसावा लागतो. आणि तोही तिजोरीतल्या नोटांच्या रूपाने नव्हे, तर बोलण्याच्या ढबीत, जेवणाच्या ताटात, पायांतल्या मोज्यांत. या परीक्षेत कोरियन लेखक, माझ्या मते, फार वरच्या श्रेणीत उतरले आहेत. आजकाल आपल्याकडे घरोघर कोरियन मालिका पाहिल्या जातात. माझ्या वर्गातल्या मुलींना तिकडच्या नटांची नावे पाठ्यपुस्तकातल्या कवींपेक्षा अधिक बिनचूक येतात. पण त्या मालिकांतली श्रीमंती ढोबळ असते. काळी लांबलचक मोटार, संगमरवरी जिना आणि मुलाच्या गरीब प्रेयसीपुढे नोटांचे पाकीट सरकवणारी आई! मला बोलावयाचे आहे ते या बाईंविषयी नव्हे.

तिकडे ही विद्या जुनी आहे. पार्क जी-वोन (१७३७–१८०५) या विद्वानाने एका यांगबानाची उपरोधिक गोष्ट लिहिली. यांगबान म्हणजे जोसोन राजवटीतला कुलीन, पढीक वर्ग. गोष्टीतल्या या गृहस्थाने सरकारी कोठारातून उसने घेतलेले धान्य साचत साचत हजार मापांवर गेले, आणि फेडायला घरात दाणा नाही. गावातला एक धनिक ते देणे भागवतो आणि त्याच्या बदल्यात त्याचे यांगबानपण विकत घेतो. रीतसर दस्तऐवज होतो. त्यातली कलमे अशी : पैशाला हात लावायचा नाही, तांदळाचा भाव विचारायचा नाही, कितीही उकडले तरी मोजे काढायचे नाहीत. धनिक बिचारा गोंधळतो आणि काही फायद्याचे घाला म्हणून विनवतो. मग दुसरा दस्तऐवज होतो. त्यात शेजाऱ्याचा बैल ओढून आणून आधी आपले शेत नांगरण्याचा हक्क असतो. ते ऐकताच, ‘मला काय चोर करता?’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून तो पळ काढतो. तांदळाचा भाव न विचारणे ही खूण मला विलक्षण वाटते. ज्याची कोठारे भरलेली आहेत त्याला तो विचारावा लागत नाही. आणि ज्याच्या मडक्यात तांदूळच नाही त्या कुलीनाला तो विचारण्याची चोरी!

१८९४ च्या सुधारणांनी हा जन्मजात भेद कायद्यातून गेला. पुढे जपानी अंमल आला आणि १९५० ते १९५३ च्या युद्धाने तर देशच जमीनदोस्त केला. साऱ्यांनी पुन्हा शून्यापासून आरंभ केला, असे तिकडे अभिमानाने सांगतात. तेव्हा नव्या श्रीमंतांना खुणाही नव्या शोधाव्या लागल्या. काही त्यांनी जुन्याच उचलल्या. ‘सामोनिम’ हा शब्द पाहा. मूळ अर्थ गुरुपत्नी. आज कोणत्याही धनवान घरच्या बाईंना दुकानदार आणि मोलकरणी याच नावाने हाक मारतात. माझ्यासारख्या शाळामास्तराने यावर हसावे की रडावे?

१९७८ साली चो से-हुई यांचे पुस्तक आले. ‘बुटक्याने उडवलेला छोटा चेंडू’ असे त्याच्या नावाचे मराठी करता येईल. बाप बुटका, अंगमेहनतीची किरकोळ कामे करणारा, मुले कारखान्यात. नव्या इमारती बांधावयाच्या म्हणून त्यांचे घर पाडण्याचा हुकूम येतो. नव्या इमारतीत जागा मिळण्याचा हक्क कागदावर मिळतो, पण तिथे राहण्यापुरता पैसा नसल्यामुळे तो कागदच विकावा लागतो. ही झाली कथा. माझ्या मनात घर करून राहिली आहे ती मात्र एक बारीकशी जागा. मुले लहान आहेत. श्रीमंतांच्या वस्तीतून भाजल्या जाणाऱ्या मांसाचा वास येतो आहे. मुले तो वास हुंगतात आणि त्यांच्या बोलण्यात खिशांची गोष्ट निघते. आई त्यांच्या कपड्यांना खिसे लावीत नाही. कारण उघड आहे : खिशात घालायला ना पैसा, ना खाऊ. फाटका सदरा, ठिगळ लावलेले लुगडे यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. ती वाचून आता डोळेही ओलावत नाहीत. पण खिसा नसणे! त्या आईने शिवताना केलेला विचार वाचकाला तिच्या सुईइतकाच टोचतो.

या वासाचा दुसरा अध्याय चाळीस वर्षांनी आला. बोंग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’ हा चित्रपट २०१९ साली निघाला, कान्सचे सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला आणि २०२० मध्ये त्याला चार ऑस्कर मिळाली. त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते; इंग्रजीखेरीज अन्य भाषेतल्या चित्रपटाला तो मान प्रथमच मिळाला. चौघांचे किम कुटुंब सोल शहरात अर्ध्या तळघरात राहते. अशा घराला ‘बांजीहा’ म्हणतात. खिडकी रस्त्याच्या पातळीला, आणि संडास घरातल्या सर्वांत उंच जागी, ओट्यावर! हे दिग्दर्शकाचे कल्पनाचातुर्य नव्हे. उत्तरेकडून हल्ल्याची धास्ती होती म्हणून १९७० च्या सुमारास नव्या घरांखाली तळघरे सक्तीची झाली. पुढे राहण्याच्या जागेची टंचाई पडली तेव्हा तीच भाड्याने दिली जाऊ लागली. युद्धासाठी बांधलेल्या खंदकात माणसे संसार करू लागली म्हणा ना.

हे किम लोक लबाडीने एकेक करून पार्क नावाच्या धनिकाच्या घरी नोकरीला लागतात. कपडे, भाषा, खोटी प्रमाणपत्रे, सगळे जमते. जमत नाही तो वास. घरातले लहान पोर प्रथम ओळखते की या चौघांना एकच वास येतो. साबण बदलून चालणार नाही, वास तळघराचा आहे आणि तो घर सोडल्याखेरीज जायचा नाही, हे किमांच्या मुलीला कळते. चो से-हुईंच्या पुस्तकात गरिबांची मुले श्रीमंतांच्या चुलीचा वास घेत होती. इथे श्रीमंत गरिबाच्या अंगाचा वास घेतो. मधल्या चाळीस वर्षांत देश धनाढ्य झाला, आणि नाके तेवढी बदलली.

पार्कबाई दुष्ट नाहीत, हे या चित्रपटाचे मोठे यश. त्या साध्याभोळ्या आहेत, बोलताना मधूनच इंग्रजी शब्द पेरतात (ही खूण आपल्याला कोणी शिकवायला नको). धो धो पाऊस होतो तेव्हा किमांचे घर गळ्याइतक्या पाण्यात जाते. दुसऱ्या दिवशी याच बाई मोटारीत बसून, पावसाने हवा कशी स्वच्छ झाली, हे मैत्रिणीला फोनवर सांगत असतात. मोटार चालवतो आहे किम. बाई बोलता बोलता खिडकी उघडतात. बस, एवढेच.

आणखी एक जागा सांगतो. बाई घाईघाईत फर्मावतात ते जेवण म्हणजे दोन स्वस्त पाकिटांतल्या शेवया एकत्र करून केलेला, शाळकरी पोरांच्या आवडीचा पदार्थ. पण त्यावर हानू जातीच्या गुरांचे महाग मांस घालायचे. गरिबाच्या जिभेची आवडसुद्धा श्रीमंत उचलतो, वरून आपली मोहोर उमटवतो. छुसोक या तिकडच्या मोठ्या सणाला भेटी पाठवतात, त्यांतही हीच भाषा चालते. कोणाकडून हानूच्या मांसाची पेटी येते, कोणाकडून डबाबंद ‘स्पॅम’. आपल्या दिवाळीतल्या सुक्या मेव्याच्या पेट्या आठवा. कोणाला काजू आणि कोणाला सोनपापडी, हे घरची बाई आधीच ठरवून असते.

शेवटच्या खुनावर मात्र पुष्कळ लोक रुष्ट आहेत; तो अचानक आणि अकारण झाला म्हणतात. मला तसे वाटत नाही. धनी नाक दाबतो ते किमसाठी नव्हेच. खाली पडलेल्या दुसऱ्या एका दरिद्री माणसाच्या अंगाच्या वासाने दाबतो. क्षणापूर्वीपर्यंत त्या माणसाशी किमांचे हाडवैर होते. तरी ते दाबलेले नाक पाहून किमला कळते की वास दोघांचा एकच. गोष्ट तिथे पोहोचल्यावर सुरी उचलली गेली तर नवल ते काय?

शाळेतल्या खुणांविषयी लिहावयाचे राहून जाऊ नये. १९७० नंतर सोलमध्ये हान नदीच्या दक्षिणेला गंगनम भाग वसवला, आणि लोकांनी तिकडे जावे म्हणून सरकारने नामांकित शाळा हलवल्या. क्यंगी हायस्कूल १९७६ मध्ये गेले. शाळेमागून श्रीमंती गेली, श्रीमंतीमागून खाजगी शिकवण्या. गणवेश सगळ्यांना एकच असतो, पण थंडीत त्यावर घालायचे जाकीट कोणत्या कंपनीचे? २०११ च्या सुमारास या जाकिटांच्या किमतींवरून पोरांनी एकमेकांच्या पायऱ्या ठरवल्या. त्या जाकिटांना ‘आईबापांचा कणा मोडणारी’ अशा अर्थाचे नाव पडले. सरकारी भाड्याच्या घरांत राहणाऱ्या मुलांना इतर मुले इमारतीच्या नावावरून भिकारी म्हणून चिडवीत. हे वाचून मी दोन दिवस वर्गात मुलांच्या पायांतल्या बुटांकडे पाहत होतो.

आता माझी शंका. हे सारे पाहून आपल्याला जो आनंद होतो, तो कसला? पार्क वान-सो (१९३१–२०११) या लेखिकेने चाळिशी गाठताना लेखनाला आरंभ केला. १९७५ ची त्यांची ‘चोरीला गेलेली गरिबी’ ही कथा या शंकेवर नेमके बोट ठेवते. शिवणकाम करून पोट भरणारी एक मुलगी. पोकळ प्रतिष्ठेपायी तिच्या घरच्यांनी जीव दिलेला. ही मात्र गरिबीत ताठ मानेने जगते. खर्च वाचावा म्हणून एका कामगार तरुणाला खोलीत घेते. एके दिवशी तो उंची कपड्यांत येतो. तो श्रीमंताचा शिकणारा मुलगा; गरिबीचा अनुभव घे म्हणून बापाने धाडलेला! तो गेल्यावर तिला आपली खोली प्रथमच घाणेरडी दिसते. श्रीमंतांनी सगळे घेतले होते, आता तिची गरिबीही नेली.

‘पॅरासाइट’ गाजल्यावर २०२० मध्ये सोलच्या पर्यटन खात्याने चित्रपटातल्या गल्ल्या आणि जिने पाहत फिरण्याचा मार्ग प्रसिद्ध केला. वस्तीतल्या लोकांनी तक्रार केली. त्यांच्या दारांवरून लोक छायाचित्रे काढीत जाऊ लागले होते. यात चित्रपटाचा दोष किती? कलावंताने गरिबी दाखवावीच लागते, आणि दाखवली की ती पाहणाऱ्याच्या मालकीची होते. पार्क वान-सो यांनी निवेदन त्या मुलीच्याच तोंडी ठेवले. बोंग यांच्या कॅमेऱ्याला ते साधलेले नाही. तो किमांवर प्रेम करतो, पण बाहेर उभा राहून. म्हणून मी कथेला चित्रपटाच्या वर ठेवतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये सोलला खराच तसा पाऊस झाला. सिल्लिम भागात एका अर्ध्या तळघरात पाणी शिरले, दार उघडेना, आणि तेरा वर्षांची मुलगी, तिची आई व मावशी तिघी बुडाल्या. अशी घरे हळूहळू बंद करण्याचे नगरपालिकेने जाहीर केले. त्याच वर्षी डिसेंबरात चो से-हुई वारले. त्यांच्या पुस्तकाची तोवर तीनशेहून अधिक मुद्रणे झाली होती.