पंडिता रमाबाईंचे बायबल आणि शब्दांचा अधिकार

इंग्लंडमधील वास्तव्यात (१८८३-८६) पंडिता रमाबाईंनी एक आग्रह धरला होता. गळ्यात क्रूस घालावयाचाच असेल, तर त्यावरील अक्षरे लॅटिन नकोत, संस्कृत असावीत. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले, तेव्हा मात्र प्रचलित भाषांतरातील हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटेचे संस्कृत शब्दच त्यांना खटकू लागले. ही विसंगती त्यांच्या उत्तरायुष्यातील धर्मानुभवाच्या खाती टाकणे सोपे आहे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही.

वाँटेज येथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्यात वाद आहे तो त्रैक्यासारख्या सिद्धांतांचा. पण त्याच्या मुळाशी निराळा प्रश्न आहे. शास्त्राचा अर्थ चर्चने ठरवावयाचा, की वाचणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीने? जेराल्डीनबाईंच्या दृष्टीने आज्ञापालन हा श्रद्धेचाच भाग होता. त्यांची बाजू हलकी म्हणता येणार नाही. जो तो आपलाच अर्थ लावू लागला, तर धर्मसमाज टिकावा कसा? रमाबाई मात्र स्वतःस न पटलेले मत उच्चारावयास तयार नव्हत्या. १८९७ साली पुण्यातील सरकारी प्लेग-व्यवस्थेवर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून जाहीर टीका केली, तीही याच वृत्तीने. राज्यकर्त्यांचा धर्म तो आपला धर्म, म्हणून त्यांचे मतही आपले, असे त्यांनी मानले नाही.

त्यांचे संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी ते केले, आणि डोळ्यांसमोर ठेवली ती अल्पशिक्षित माणसे. क्रुसावरील लॅटिन जसे त्यांना स्वतःला परके, तसेच वेदान्ताचे शब्द या वाचकांना परके. दोन्ही ठिकाणी आक्षेप एकच दिसतो: जो शब्द वाचकाचा नाही, तो त्याच्यावर केवळ अधिकार चालवितो.

येथवर रमाबाईंशी सहमत होता येते. परंतु शब्दांवरील जुने संस्कार धुऊन काढता येतात, ही त्यामागील समजूत भाषाशास्त्रास मान्य होण्यासारखी नाही. ‘देव’, ‘पाप’, ‘कृपा’ या रोजच्या शब्दांनाही पूर्वेतिहास आहेच. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनपासून अलग झालेल्या ना. वा. टिळकांनी नेमका हा इतिहास जवळ केला. ख्रिस्तभक्तीसाठी त्यांनी अभंग आणि वारकऱ्यांची शब्दसंपत्ती स्वीकारली. मिशनच्या बंधनातून दोघांनाही मोकळे व्हावयाचे होते. शब्दांच्या बाबतीत मात्र त्यांच्या वाटा परस्परविरुद्ध गेल्या.

चांदा भागातील पोंभुर्ण्यासारख्या ठिकाणी हा वाद आणखी एका कसोटीस लागतो. झाडीबोली किंवा गोंडी ज्याच्या घरची भाषा, त्यास टिळकांची पंढरी दूरची, आणि केडगावची ‘सोपी’ मराठीही शिकूनच घ्यावयाची. सोपेपणा ऐकणाऱ्यागणिक बदलतो. तेव्हा रमाबाईंचेच तत्त्व त्यांच्या भाषांतरास लावले, तर पोंभुर्ण्याच्या वाचकास ते बाजूस ठेवून आपले शब्द मागण्याचा अधिकार प्राप्त होतो. हा अधिकार मान्य करणे, हीच त्या भाषांतराची खरी समीक्षा होय.