समोरच्या ताटात काय होतं? बाजरीच्या भाकरीवरचा एक पेपर वाचताना

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षी मीही एक पोस्टर केलं होतं. मधोमध भाकरीचा फोटो आणि खाली ठळक अक्षरात, 'लोहयुक्त बाजरीची भाकरी खाल्ल्याने हिमोग्लोबिन वाढते.' कंसात २०१५ च्या एका पेपरचा उल्लेख. पोस्टर बघायला आलेल्या एका बाहेरच्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "दुसऱ्या ग्रुपला काय खायला दिलं होतं?" मी म्हणालो, "सर, नॉर्मल जेवण." ते हसले आणि पुढच्या पोस्टरकडे गेले.

रात्री खोलीवर येऊन पेपर उघडला. खरं सांगायचं तर तोपर्यंत फक्त ॲब्स्ट्रॅक्ट वाचलं होतं, आणि तेही अर्धंच. दुसरा ग्रुपसुद्धा बाजरीची भाकरीच खात होता. आणि निष्कर्षातला दावा हिमोग्लोबिनचा नव्हताच.

पेट दिलेल्या आणि सिनॉप्सिसच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांचे मेसेज येतात की पेपर 'क्रिटिकली' वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं? म्हणून आज हाच पेपर घेतोय. एकतर तो आपल्या महाराष्ट्रातला आहे. दुसरं म्हणजे तो चांगला आहे. वाईट पेपरवर टीका करायला फार काही लागत नाही.

ज्युलिया फिंकेलस्टाईन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 'जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये २०१५ साली आला. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या शोभा उदिपी आणि पद्मिनी घुगरे त्यात सहलेखक आहेत. पैसे हार्वेस्टप्लसचे, म्हणजे जी संस्था अशा जास्त पोषणमूल्याच्या वाणांचा प्रसार करते तिचेच. हे लपवलेलं नाही आणि त्यामुळे पेपर खोटा ठरत नाही, पण वाचताना लक्षात असू द्या. १२ ते १६ वयाची २४६ मुलं, ६ महिने, दोन गट. एका गटाला जास्त लोह असलेल्या बाजरीची भाकरी, दुसऱ्याला कमी लोह असलेल्या बाजरीची. जास्त लोहाचं वाण म्हणजे आयसीटीपी ८२०३ चं सुधारलेलं रूप, जे आपल्याकडे 'धनशक्ती' नावाने आलं. बियाण्यात वरून काही मिसळलेलं नाही, निवड करून करून दाण्यातलंच लोह वाढवलंय.

सुरुवातीला ४१ टक्के मुलांमध्ये लोहाची कमतरता होती आणि २८ टक्के मुलांना ॲनिमिया होता. हे दोन आकडे वेगळे का, इथे थोडं थांबा. घरात कणगी असते आणि परात असते. फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य, हिमोग्लोबिन म्हणजे परातीतलं पीठ. कणगी रिकामी व्हायला लागली तरी काही दिवस परातीत पीठ दिसतं. म्हणून ज्या मुलांचं फेरिटिन कमी आहे, त्या सगळ्यांचं हिमोग्लोबिन कमी असेलच असं नाही. उलट ॲनिमियाला बी-१२ किंवा फोलेटची कमतरता, आजारपण अशी लोहाशिवायही कारणं असतात. संशोधकांनी फेरिटिनबरोबर सीआरपी आणि एजीपीही मोजलं, कारण शरीरात कुठे दाह असेल तर फेरिटिन उगाचच चढतं. हे काम मला आवडलं. बरेच अभ्यास इथेच घसरतात.

निष्कर्ष असा की ४ महिन्यांत जास्त लोहाच्या गटात फेरिटिन आणि शरीरातलं एकूण लोह कंट्रोलपेक्षा वाढलं. आणि जी मुलं सुरुवातीलाच कमतरतेत होती, त्यांच्यात ६ महिन्यांनी कमतरता भरून निघण्याची शक्यता १.६४ पट होती.

हा १.६४ आकडा सगळीकडे फिरतो. 'भाकरीने ६४ टक्के मुलं बरी झाली' असंही मी एका स्लाइडवर वाचलंय. तसा त्याचा अर्थ नाही. हे दोन गटांमधलं गुणोत्तर आहे, कंट्रोल गटातही काही मुलांची कमतरता गेलीच. शिवाय २४६ चे ४१ टक्के म्हणजे साधारण १०० मुलं, ती दोन गटांत विभागलेली. त्यामुळे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.०७ ते २.४९ इतका रुंद आहे. एका टोकाला जेमतेम फरक, दुसऱ्या टोकाला अडीच पट. परिणाम आहे, पण किती मोठा आहे हे या पेपरवरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता सरांच्या प्रश्नाकडे. याच प्रयोगातल्या १४० मुलांच्या लक्ष आणि स्मरणशक्तीवर २०१८ मध्ये 'जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्येच आणखी एक पेपर आला. त्याच्या ॲब्स्ट्रॅक्टमध्येच लोहाचं प्रमाण दिलंय. एका गटाची बाजरी ८६ पीपीएम, कंट्रोलची २१ ते ५२ पीपीएम. पीपीएमचं भय वाटत असेल तर १० ने भागा, १०० ग्रॅममधले मिलिग्रॅम मिळतात. म्हणजे ८.६ मिलिग्रॅमसमोर २.१ ते ५.२.

मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा अन्नघटक तक्ता काढला. त्यात बाजरीचं लोह १०० ग्रॅमला ६.४२ मिलिग्रॅम. म्हणजे ६४ पीपीएम! कंट्रोल गटाची बाजरी देशाच्या सरासरी बाजरीपेक्षाही कमी लोहाची होती. समजा एका मुलाने दिवसाला २०० ग्रॅम पीठ खाल्लं. प्रयोगातल्या बाजरीतून १७ मिलिग्रॅमच्या आसपास लोह, कंट्रोलमधून ४ ते १०. फरक ७ ते १३ मिलिग्रॅमचा. पण तक्त्यातली सरासरी बाजरी समोर ठेवली तर फरक साडेचारच्या आत येतो. 'साधी बाजरी सोडून धनशक्ती खा' हा सल्ला या पेपरच्या जोरावर द्यायचा असेल, तर घरातली साधी बाजरी कंट्रोलमधल्या बाजरीसारखी आहे का, हे आधी बघावं लागेल.

संशोधकांवर अन्याय करायचा नाही. असा प्रयोग करताना दोन गटांत ठळक अंतर ठेवावंच लागतं, नाहीतर अडीचशे मुलांत काहीच दिसायचं नाही. तक्त्यातल्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. दाण्यातलं लोह जमिनीप्रमाणे बदलतं, आणि बाजारातल्या धान्याला चिकटलेल्या मातीतलं लोहही मोजणीत येतं, जे शरीराला फारसं मिळत नाही. पण प्रश्न उरतोच. त्यात २०१८ पासून देशात बाजरीचं नवीन वाण मंजूर होण्यासाठी किमान ४२ पीपीएम लोहाची अट आली आहे. उद्याची 'साधी' बाजरी म्हणजे २०१५ च्या पेपरमधला कंट्रोल नसणार.

पेपरने स्वतःला 'एफिकसी ट्रायल' म्हटलंय. म्हणजे नियंत्रित परिस्थितीत, देखरेखीखाली, रोज दिलं तर उपयोग होतो का एवढंच. शेवटच्या ओळीत ते स्वतःच म्हणतात की मोठ्या लोकसंख्येत हे पुढे तपासायला हवं. आमच्या घरी बाजरी म्हणजे थंडीतलं खाणं. भोगीला तीळ लावलेली भाकरी झाली की मार्चपासून आई पिठाचा डबा बदलते, "उष्ण पडतं गं बाई पोरांना" म्हणत. सहा महिने रोज बाजरी खाणारं घर सोलापुरात शोधावं लागेल. पुढे २०२२ मध्ये यातल्याच काही संशोधकांनी मुंबईच्या वस्त्यांमधल्या १२ ते १८ महिन्यांच्या बाळांना अशाच बाजरीचे पदार्थ देऊन बघितले. एकूण गटात लोहस्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. भरडधान्य वर्षातल्या किती पोस्टरांवर हा दुसरा पेपर होता? माझ्या तर नव्हताच.

आणि आता आपल्या जवारीचं. सोलापूर म्हणजे ज्वारी. मोहोळला निवडलेली मालदांडी, भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी, पाकिटातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्यामुळे बाजरीवरच्या पेपरचं श्रेय आपण अगदी सहज ज्वारीला देऊन टाकतो. त्याच तक्त्यात ज्वारीचं लोह ३.९५ मिलिग्रॅम आहे आणि गव्हाच्या आट्याचं ४.१०. जवळजवळ सारखंच. चपाती सोडून ज्वारीची भाकरी खाल्ल्याने लोह वाढेल, असं हे आकडे तरी म्हणत नाहीत. ज्वारी खायची इतर कारणं असतील, आहेतही, पण ती वेगळी मोजावी लागतील.

पर्यावरणाच्या बाजूलाही हाच गोंधळ होतो. 'सायन्स ॲडव्हान्सेस'मधला २०१८ चा डेव्हिस आणि सहकाऱ्यांचा पेपर तुम्ही पाहिला असेल. भाताच्या जागी मका, नाचणी, बाजरी किंवा ज्वारी घेतली तर सिंचनाचं पाणी ३३ टक्के वाचू शकतं आणि लोहाचं उत्पादन २७ टक्के वाढू शकतं, असं त्यांचं गणित. हे दोन्ही आकडे भाताच्या तुलनेतले आहेत. पांढऱ्या तांदळात लोह १०० ग्रॅमला ०.६५ मिलिग्रॅम, त्याच्यापुढे कुठलंही भरडधान्य श्रीमंतच दिसणार. सोलापुरात मात्र ज्वारीची जागा ताटात गव्हाने घेतली आणि रानात, जिथे उजनीचं पाणी पोचलं तिथे, उसाने. त्या पेपरची तुलना तृणधान्यांपुरती आहे, ऊस त्यात नाही. हा त्यांचा दोष नाही. पण आपण तो ३३ चा आकडा सोलापूरच्या सिनॉप्सिसमध्ये टाकतो तेव्हा चूक आपली असते. काळ्या जमिनीतल्या ओलीवर येणाऱ्या रब्बी ज्वारीने पाणी किती वाचतं, हे आपल्याला उसासमोर ठेवून मोजावं लागेल.

हे सगळं कशासाठी, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ॲनिमिक स्त्रियांचं प्रमाण चौथ्या फेरीत ४८ टक्के होतं, पाचव्या फेरीत ते ५४.२ टक्के झालं. (ही मोजणी बोट टोचून काढलेल्या रक्तावरची, म्हणून तिच्यावरही वाद आहेत. त्यावर पुन्हा कधीतरी.) निम्म्याहून जास्त बायका. त्यांच्यासाठी गोळ्या, भाकरी, डाळ, लिंबू, तपासणी यांपैकी कशावर आधी पैसा घालायचा हे ठरवणारी माणसं अशाच पेपरांचे एका ओळीतले सारांश वाचतात. ते सारांश आपल्यासारखेच कुणीतरी लिहितात.

मी सिनॉप्सिसमध्ये कंट्रोल गटाचा परिच्छेद आतापर्यंत तीनदा बदललाय. सध्या तिथे गव्हाची चपाती आहे, दोन्ही गटांना भाजी-आमटी तीच, आणि पीठ ज्या त्या गिरणीतून तपासून घेतलेलं. गाईड म्हणाले, "फेरिटिनच्या किटचा खर्च कोण देणार?" त्याचा अर्ज अजून लिहायचाय.