वैद्यकशिक्षण आणि वजनाचा काटा

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झालेले पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवण्याजोगे आहे. वजन व उंची यांवरून काढलेला दोघांचा निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी इस्पितळातील लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी केलेली धावपळ, अशी मिस्कील पुस्तीही लेखकद्वयाने जोडली आहे.

तथापि वजनाऐवजी मेद मोजावा, एवढाच बोध यातून घेतला तर एका आकड्याच्या जागी दुसरा येतो, इतकेच. सोलापूरच्या नवी पेठेत दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या सडपातळ दुकानदाराची रक्तशर्करा तपासण्याचे सुचू नये, आणि स्थूल गिऱ्हाइकाचा दुखरा गुडघा न पाहताच त्यास ‘आधी वजन उतरवा’ असे सांगावे, हे दोन्ही अन्याय एकाच सवयीतून उपजतात. वजन घटविणे हेच उपचाराचे साध्य न मानता रक्तदाब, झोप, आहार, हालचाल यांची विचारपूस दोघांचीही सारख्याच आस्थेने करावी, हे वजननिरपेक्ष शिक्षणाचे मर्म होय. या मताचे काही पुरस्कर्ते काटाच अडगळीत टाकू पाहतात, ते मात्र ग्राह्य नाही. अकारण घटणारे वजन क्षयाची सूचना देऊ शकते. बालकाच्या वाढीचा आलेख तर काट्यावाचून पुरा होत नाही.