गडचिरोलीचें आरोग्यदप्तर : एक साधनचिकित्सा

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत आरोग्यविषयक संशोधनाची परीक्षा कां यावी, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. त्यास उत्तर असें कीं, येथें परीक्षा वैद्यकाची नसून साधनांची आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हांपासून आधीं अस्सल कागद छापावा व मग मत द्यावें, हा आपल्या मंडळींचा दंडक होऊन बसला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत वर संहिता व खालीं पाठभेद आहेत. संपादकाचा निर्णय ज्यास पटणार नाहीं, त्यानें खालचे पाठ पाहून आपला निर्णय करावा. ज्या शास्त्रांत नुसता निर्णय छापला जातो आणि पाठ संशोधकाच्या कपाटांत राहतात, तें अर्धेंच प्रकाशित झालें असें म्हटलें पाहिजे. या मापानें आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांतील एक काम मोजून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं 'सर्च' ही संस्था स्थापून १९८६ पासून या जिल्ह्यांत काम चालविलें. १९८९ च्या जानेवारींत 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करितां ९२ टक्के स्त्रियांस एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. पूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. आमच्या वाचकांनीं ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट याहून निराळी आहे. या स्त्रियांपैकीं ४५ टक्के स्त्रियांची कोणतीहि तक्रार नव्हती. कागदांत उल्लेख नाहीं, एवढ्यावरून घटना घडलीच नाहीं, असें अनुमान काढणें अप्रशस्त होय, हें आपण पदोपदीं सांगतों. मौन म्हणजे अभाव नव्हे, हा तोच सिद्धान्त येथें जिवंत माणसांविषयीं अंकांनीं सिद्ध झाला आहे.

दुसरें प्रकरण बालकांच्या न्यूमोनियाचें. १९९० सालच्या लेखांत ५८ गांवांत उपचाराची योजना करून ४४ गांवांशीं तुलना केली आहे. योजनेच्या गांवांत या रोगानें होणारे मृत्यू निम्म्याहूनहि कमी भरले. हें यश केवळ औषधाचें नव्हे. मूल मरणाच्या दारीं आहे हें आईनें व सुईणीनें वेळीं ओळखिलें पाहिजे, आणि ओळखण्यास शब्द पाहिजे. लोकांपाशीं तो होताच. बरगड्यांखालीं पोट आंत ओढलें जातें, त्या अवस्थेस इकडील बायका 'डब्बा' म्हणतात. धाप लागली म्हणजे 'लहाक'. संशोधकांनीं नवें नांव लोकांवर न लादतां हेच शब्द हातीं घेतले. ज्या सुईणींस बारापलीकडे मोजतां येत नव्हतें, त्यांच्यासाठीं मणी व वाळूचें घड्याळ यांचें एक साधन केलें. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबड्या मण्याची पाळी आली, तर मूल आजारी समजावें. शास्त्रज्ञाचें ज्ञान व सुईणीचें ज्ञान एका लाकडी चौकटींत बसविण्याचें याहून उत्तम उदाहरण मला ठाऊक नाहीं.

तिसरें काम नवजात अर्भकांचें. ३९ गांवांत घरींच शुश्रूषा व उपचार यांची व्यवस्था करून ४७ गांवें तुलनेस ठेविलीं. पहिल्या गांवांत अर्भकमृत्यूंचें प्रमाण हजारीं ६२ वरून २५.५ वर आलें. दुसऱ्यांत तें ५८ होतें, तें ५९.६ झालें. हा निष्कर्ष १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. कर्त्यांनीं तेथेंच न थांबतां २००५ सालीं एका वैद्यकीय नियतकालिकाच्या पुरवणींत त्याच प्रयोगाचे तपशील अनेक लेखांनीं विस्तारानें मांडले. पुढें २०११ सालीं घरगुती नवजात-शुश्रूषेची ही रीत आशा सेविकांच्या द्वारें देशभर न्यावयाचें भारत सरकारनें ठरविलें. निष्कर्षामागील पाठ खुले होत गेले म्हणजे दुसऱ्यास त्यावर इमारत उभारतां येते, ती अशी.

आतां पाठभेदाचें प्रकरण. १९९८ ते २००० या काळांत महाराष्ट्रांतील १३ संस्थांनीं २३१ गांवें व शहरांतील ६ झोपडवस्त्या येथील जन्म व बालमृत्यू स्वतंत्रपणें मोजले. त्याचा वृत्तान्त 'कोवळी पानगळ' या नांवानें बाहेर पडला. सरकारी नोंदवही ही एक पोथी, गांवकऱ्यांच्या साक्षीनें केलेली मोजणी ही दुसरी. दोन्ही ताडून पाहतां पहिलींत बालमृत्यूंचा मोठा भाग गळलेला दिसला. लेखकाच्या हातून ओळ गळावी, त्याप्रमाणें येथें मुलें गळलीं होतीं. दुसरी पोथी नसती, तर पहिलीच प्रमाण मानली गेली असती. नोंदी परस्परांस दाखविणें हें केवळ सौजन्य नव्हे. मेलेल्या मुलाची गणती होणें त्यावर अवलंबून असतें.

एवढी प्रशंसा केल्यावर उणीव सांगणें हें परीक्षकाचें कर्तव्य आहे. या कामांत अंक एकीकडे व शब्द दुसरीकडे पडले आहेत. टक्केवारी इंग्रजी नियतकालिकांत. बायकांनीं आपल्या देहाविषयीं व झाडांविषयीं जें सांगितलें तें राणी बंग यांच्या 'कानोसा' व 'गोईण' या मराठी पुस्तकांत. वैद्य पहिलें वाचतो, भाषेचा अभ्यासक दुसरें. एकाचें टिपण दुसऱ्याच्या दृष्टीस पडत नाहीं. 'डब्बा' हा शब्द वैद्यकाच्या लेखीं रोगाचें लक्षण, कोशकाराच्या लेखीं नोंद, इतिहासकाराच्या लेखीं लोकांच्या ज्ञानाचा पुरावा. तो कोणत्या गांवीं, केव्हां व कोणत्या वयाच्या बाईच्या तोंडून ऐकिला, हें मूळ वहीसच ठाऊक. ती वही वाळवीनें खाल्ली, तर तिन्ही शास्त्रें एकदम दरिद्री होतील.

शास्त्रांच्या या भिंती ओलांडणारे आपल्यांत झाले आहेत. आमचा गडचांदूरचा मुलूख हैदराबाद संस्थानांत मोडत असतां सेतु माधवराव पगडी यांनीं महसुली नोकरी संभाळून गोंडी आत्मसात् केली व तिचें व्याकरण लिहिलें. तेच पुढें मोगल-मराठा इतिहासाचे मान्य अभ्यासक झाले. याउलट, आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ सालीं ग्रंथ लिहिणारे हायमेनडॉर्फ यांचीं छायाचित्रें व कागद लंडनच्या प्राच्य व आफ्रिकी विद्यालयांत आहेत. ज्यांच्या आजोबांचीं तीं चित्रें, त्यांस तीं पाहावयास सातासमुद्रांपलीकडे हात पसरावा लागतो.

येथें एक आक्षेप विचारार्ह आहे. पेशवे दप्तर दीर्घकाळ संशोधकांस बंद होतें. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ मध्यें त्याचे निवडक ४५ भाग काढले, तेव्हां कोणाचें नुकसान झालें नाहीं, कारण त्यांतील माणसें केव्हांच गत झालीं होतीं. आरोग्याच्या वहींतील बाई जिवंत आहे. दोन खेड्यांच्या अभ्यासांत नांव पुसलें तरी वय, जात व मुलांची संख्या यांवरून ती गांवांत ओळखू येईल. सिकलसेलसारख्या आनुवंशिक रोगाची नोंद फुटली, तर एखाद्या मुलीचें लग्न अडेल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. परंतु त्यावरून निघतें तें एवढेंच कीं, दप्तरास पायऱ्या असाव्यात : निष्कर्ष सर्वांस, ओळख पुसलेल्या नोंदी अभ्यासकांस वचन घेऊन, आणि नांवांची वही मोहोरबंद. कुलूप असावें, पण किल्ली हरवूं नये.

म्हणून हस्तलिखितें जमविणाऱ्या मंडळींस विनंति आहे कीं, मोडी रुमालांच्या शेजारीं आपल्या काळाच्या या वह्यांसहि फडताळांत जागा द्यावी. ज्या आरोग्यसंस्था, दायांचे वर्ग व गणनेचे उपक्रम आपापल्या तालुक्यांत झाले, त्यांच्या टिपणांची सूचि करावी. प्रत्येक नोंदीस स्थळ, काळ व भाषा लिहावी. देणाऱ्याची अट वहीच्या पहिल्या पानावर नमूद करावी. आणि निष्कर्ष ज्या गांवांतून निघाला, त्या गांवच्या ग्रामसभेंत तो तेथील बोलींत एकदां वाचून दाखविला जावा. ताम्रपट ज्याच्या शेतांत सांपडला, त्यास आपण त्याचा अर्थ सांगतों. ज्या आईनें आपल्या मेलेल्या मुलाची नोंद दिली, तिचा अधिकार त्याहून उणा नाहीं.

गडचांदूर, जि. चंद्रपूर