ब्रिटिश रंगभूमीवरील ज्यू कुटुंब

रशिया आणि पोलंड येथील दारिद्र्याला व ज्यूद्वेषाला कंटाळून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे हजारो ज्यू लंडनच्या ईस्ट एंड भागात येऊन स्थिरावले, त्यांच्या मुलानातवंडांनी दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजी रंगभूमीवर कौटुंबिक कलहाचे जे दर्शन घडविले, ते त्या रंगभूमीला सर्वस्वी अपरिचित होते. इंग्रजी नाटकातील दिवाणखान्यात माणसे तोवर बहुधा सभ्यपणे दुरावत असत. या नव्या घरांतून ती मोठ्याने भांडू लागली आणि भांडता भांडता एकमेकांना जेवूही घालू लागली. ही नाटके ओळीने वाचून पाहिली म्हणजे त्यांतील फिर्यादीचे स्वरूप पिढीगणिक पालटत गेलेले दिसते. आईबापांनी ज्यावर श्रद्धा ठेवली ते खोटे ठरले, अशी आरंभी मुलांची तक्रार असे. पुढे आईबापांनी आपणांस काही सांगितलेच नाही, अशी ती झाली. या पालटात विषयाचा आवाका वाढला हे खरे, परंतु घर या वस्तूवरची नाटककाराची पकड मात्र सैल होत गेली, असे माझे मत आहे.

1958 साली कॉव्हेंट्री येथील बेलग्रेड थिएटरमध्ये अर्नोल्ड वेस्कर यांचे ‘चिकन सूप विथ बार्ली’ हे नाटक प्रथम सादर झाले, त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. वडील शिवणकामावर पोट भरणारे, आई स्वयंपाकाची कामे करणारी, आणि स्वतः लेखकानेही भटारखान्यात पेस्ट्री करण्याची नोकरी केलेली. त्यामुळे श्रमिकांचे घर त्यांना पुस्तकांतून शोधावे लागले नाही. ऑक्टोबर 1936 मध्ये ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी मोझ्ली याच्या अनुयायांचा मोर्चा ईस्ट एंडच्या रहिवाशांनी केबल स्ट्रीटवर अडविला, त्या दिवशी काह्न कुटुंबाच्या तळघरात हे नाटक सुरू होते, आणि रशियन रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव चिरडल्यानंतरच्या डिसेंबरात, 1956 मध्ये, ते संपते. या वीस वर्षांत साम्यवादावरील श्रद्धेने भारलेले ते घर एकेक माणूस गमावीत जाते. मुलगी आडा नवऱ्यासह नॉरफोकला निघून जाते, बाप हॅरी अर्धांगाच्या झटक्यांनी परावलंबी होतो, आणि पॅरिसमध्ये आचाऱ्याचे काम करून परतलेला मुलगा रॉनी आईला जाब विचारतो, की एवढे सारे घडूनही तू अजून कम्युनिस्ट कशी?

या प्रश्नाला आई सारा जे उत्तर देते, त्यात वेस्कर यांची प्रतिभा खऱ्या अर्थाने प्रकट झाली आहे. सारा ना सिद्धान्त सांगते, ना पक्षाची कैफियत मांडते. आडाला लहानपणी घटसर्प झाला असता हॅरीने ऐन वेळी अंग काढून घेतले आणि शेजारच्या मिसेस बर्न्स्टीन यांनी बार्ली घातलेले कोंबडीचे सूप आणून पोरीला जगविले, एवढी हकीकत ती सांगते. नवऱ्याचा नाकर्तेपणा, शेजारधर्म, आईची भीती आणि तिची राजकीय निष्ठा या चारही गोष्टी त्या एका वाडग्यात एकत्र आल्यामुळे रॉनीचा मुद्दा खोडला न जाताही तो निरुत्तर होतो, आणि आपणही दोघांपैकी कोणाची बाजू घ्यावी या विवंचनेत पडतो. ‘रूट्स’ आणि ‘आय अ‍ॅम टॉकिंग अबाउट जेरुसलेम’ या पुढील दोन नाटकांनी ही त्रयी पूर्ण झाली. आपल्याकडे महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त तात्याजींच्या तेराव्याच्या खर्चावरून आणि अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरवरून देशपांडे घराण्याचा सारा इतिहास ज्याप्रमाणे उलगडतो, त्याच जातीची ही कला आहे. दोन्ही नाटककारांना घरातील वस्तूंवर विसंबता येते, म्हणून त्यांच्या पात्रांना भाषणे करावी लागत नाहीत.

हॅरोल्ड पिंटर हेही हॅकनीतील एका शिंप्याचे चिरंजीव. परंतु ‘द होमकमिंग’मधील (1965) बापलेकांच्या हिंस्र घरात ‘ज्यू’ हा शब्द उच्चारलाही जात नाही. जॅक रोझेन्थाल यांनी दूरचित्रवाणीसाठी लिहिलेल्या ‘बार मिट्झव्हा बॉय’चा (1976) उल्लेख मात्र आदराने केला पाहिजे. तेरा वर्षांचा एलियट मुलाला पुरुष ठरविणाऱ्या आपल्या धर्मदीक्षेच्या समारंभातून भर प्रार्थनेत उठून निघून जातो, कारण बाप, आजोबा आणि बहिणीचा प्रियकर यांच्याकडे पाहून त्याला असे वाटते, की हेच जर पुरुष असतील तर मला पुरुष व्हायचे नाही. तोंडपाठ केलेला धर्मपाठ तो मैदानात, डोके खाली आणि पाय वर करून, बहिणीला म्हणून दाखवितो. परंपरा आणि बंड ही दोन्ही एकाच कृतीत इतक्या निर्मळपणे मावलेली क्वचितच आढळतात.

यानंतर फिर्याद पालटते. 1938-39 मध्ये नाझी अमलाखालील प्रदेशांतून सुमारे दहा हजार मुले आईबापांविना ब्रिटनमध्ये आणली गेली, त्यांपैकी एका कल्पित मुलीची कथा डायेन सॅम्युएल्स यांनी ‘किंडरट्रान्सपोर्ट’मध्ये (1993) रंगविली आहे. हॅम्बुर्गहून आलेली नऊ वर्षांची एव्हा मँचेस्टरमध्ये वाढून एव्हलिन होते, आपल्या पूर्वायुष्याचे सारे दप्तर माळ्यावर दडविते, आणि घर सोडून निघालेल्या तिच्या मुलीच्या हाती ते कागद लागतात. युद्धातून वाचलेली जन्मदात्री न्यायला येते, तेव्हा एव्हा तिच्याबरोबर जाण्यास नकार देते. हा प्रसंग मला गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील ब्रिटिश नाटकातील अत्यंत कठोर प्रसंगांपैकी एक वाटतो. प्राण वाचविण्यासाठी आईने मुलीला दूर केले आणि त्याच दूर करण्याने मुलगी कायमची परकी झाली, या अन्यायाला कोणत्याही न्यायासनापुढे प्रतिवादी सापडणार नाही.

टॉम स्टॉपर्ड यांच्या ‘लिओपोल्डश्टाट’मध्ये (2020) हीच फिर्याद लेखकाने स्वतःवर घेतली आहे. झेकोस्लोव्हाकियात जन्मलेला, बालपणीची काही वर्षे दार्जिलिंगच्या शाळेत काढलेला आणि सावत्र इंग्रज वडिलांचे नाव लावून वाढलेला हा लेखक. त्याचे चारही आजीआजोबा नाझींच्या हातून मेले, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळले. व्हिएन्नातील मेर्झ कुटुंबाच्या पाच पर्वांत विखुरलेल्या कथेत पात्रे इतकी, की नातीगोती ध्यानात ठेवणे प्रेक्षकाला जड जाते; आणि आरंभीच्या अंकांतील चर्चा पांडित्याच्या भाराने काहीशी वाकलेली आहे. परंतु नाताळच्या झाडावर एक पोर दाविदाचा तारा लावते तो क्षण, किंवा इंग्रज म्हणून वाढलेल्या लिओला हातावरच्या जुन्या व्रणावरून ती जखम झाली तो 1938 मधील दिवस आठवतो तो क्षण, अशा ठिकाणी वेस्कर यांचीच परंपरा पुन्हा जागी होते.

मधल्या काळातील दोन नाटकांविषयी मला इतक्या समाधानाने लिहिता येत नाही. माइक ली यांच्या ‘टू थाउजंड इयर्स’मध्ये (2005) निधर्मी, समाजवादी वळणाच्या घरातील मुलगा एकाएकी कर्मठ होतो, म्हणजे रॉनीचे बंड येथे नेमके उलटे फिरते. रायन क्रेग यांच्या ‘द होली रोझेनबर्ग्स’मध्ये (2011) एजवेअर येथील एका कोशर (ज्यू धर्मनियमांनुसारचे) जेवण पुरविणाऱ्या केटररचा मुलगा इस्रायलच्या बाजूने लढताना गाझात मारला जातो, आणि त्याची बहीण त्याच युद्धातील गुन्ह्यांच्या चौकशीचे काम करीत असते. दोन्ही ठिकाणी कल्पना बळकट आहे. इस्रायलच्या प्रश्नाने ब्रिटनमधील ज्यू घरे आतून दुभंगली आहेत हेही सत्य आहे. पण पात्रे जेवणाच्या टेबलापाशी बसली, की वर्तमानपत्रातील अग्रलेख आळीपाळीने बोलू लागतात. बहीण भावाच्या मृत्यूवर रडण्याऐवजी जबानी देते आणि केटररच्या धंद्यावर आलेले अरिष्ट, जे खरे नाटक होते, ते चर्चेच्या आड जाते.

याच क्रेग यांनी ‘फिल्थी बिझनेस’मध्ये (2017) ही उणीव स्वतःच भरून काढली, याचा मला मनापासून आनंद वाटतो. येटा सॉलोमन ही निर्वासित म्हातारी रबराच्या दुकानावर आणि त्यात राबणाऱ्या मुलानातवंडांवर एकाच मुठीने ताबा ठेवते. सुटू पाहणाऱ्याला ती लाच देते, धाक घालते, प्रसंगी धडधडीत खोटे बोलते, आणि हे सारे कुटुंब टिकावे म्हणून. साराने सुपाने बांधून ठेवलेले घर येटा मिळकतीने बांधू पाहते, आणि ते फुटते तेही मिळकतीवरूनच. कोकणात तेलाच्या घाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आणि 1948 नंतर इस्रायल व इंग्लंड येथे पांगलेल्या आपल्या बेने इस्रायल ज्यू कुटुंबांची घरे ज्या कोणा मराठी नाटककाराला लिहावीशी वाटतील, त्याने वेस्कर यांच्याइतकाच येटाच्या या दुकानाचाही अभ्यास करावा.