पीटरने सोडलेली नोकरी

माइक जजचा 'ऑफिस स्पेस' मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर, सहाजणी एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसून. पोट दुखेपर्यंत हसलो होतो. मागच्या महिन्यात तो पुन्हा पाहिला, एकटीने. आता नोकरीला पाच वर्षं झाली आहेत. हसू या वेळीही आलं, पण शेवट पाहून राग आला.

सिनेमा १९९९च्या फेब्रुवारीतला. पीटर गिबन्स 'इनिटेक' नावाच्या कंपनीत प्रोग्रॅमर आहे. एका रिपोर्टला नवीन कव्हर शीट लावायचं तो विसरतो आणि वेगवेगळे साहेब येऊन त्याला तेच ते ऐकवतात. असे एकूण आठ साहेब त्याच्या डोक्यावर आहेत. आठवड्यात आपण खरं काम जेमतेम पंधरा मिनिटं करतो, असं तो कंपनीने बोलावलेल्या सल्लागारांना सरळ सांगून टाकतो, आणि त्यांना तो वरच्या पदाच्या लायकीचा वाटतो! जजने स्वतः काही काळ इंजिनीअर म्हणून नोकरी केली होती, ते इथे दिसतं. शनिवारी यायला लागेल हे गोड आवाजात सांगणारा लम्बर्ग तर आजही प्रत्येक मजल्यावर एक असतोच.

माझं लक्ष या वेळी एका छोट्या प्रसंगाकडे गेलं. पीटर जोआनाला आपलं काम समजावून सांगतो. बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले आहेत. हजारो ओळी चाळून ते दुरुस्त करायचे, बस. सांगता सांगता त्यालाच त्यात राम वाटेनासा होतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मलाही वाटत नव्हता. कॉलेजमध्ये प्रत्येक असाइनमेंट कोऱ्या फाइलने सुरू व्हायची. इथे समोर आला दहा वर्षांपूर्वीचा कोड. लिहिणारे कधीच सोडून गेलेले. एका ठिकाणी नुसतं 'हे बदलू नका' असं लिहिलेलं, कारण नाही. माझा पहिला बदल एका ओळीचा होता आणि त्याला अकरा दिवस लागले. आईने फोनवर विचारलं, "मग बाकीचा वेळ काय करत होतीस?" वाचत होते, म्हटलं. तिला ते पटलं नाही. खरं तर मलाही नाही.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावर १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. प्रकल्पाच्या वेळापैकी प्रत्यक्ष कोड लिहायला एक षष्ठांश आणि तपासणीला निम्मा वेळ धरा, असा त्यांचा हिशेब आहे. चार वर्षांत आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

पीटरचं ते कंटाळवाणं काम म्हणजे वायटूके. '००' हे वर्ष कॉम्प्युटरने १९०० समजलं असतं, तर व्याज, मुदती, वयं, सगळ्याचे हिशेब चुकले असते. १ जानेवारी २०००ला फारसं काही घडलं नाही आणि लोक म्हणाले, उगाच बागुलबुवा केला होता. पण अनेक पीटर काही वर्षं त्या ओळी चाळत बसले होते. त्यांच्यात भारतीय खूप होते. इथल्या आयटी कंपन्यांना परदेशात पाय रोवायला याच कामाने मदत केली. सिनेमातले सल्लागार काही काम सिंगापूरला पाठवून देऊ, असं सहज बोलून जातात. कॅमेरा त्या दुसऱ्या टोकाला जात नाही. आम्ही त्या टोकाला बसतो.

आमच्या टीममधले एक सर त्या रात्री मुंबईत एका बँकेच्या सर्व्हर रूममध्ये होते. काय झालं, मी विचारलं. "काही नाही. बारा वाजले. साडेबारा वाजले. मग चहा मागवला." हे सांगताना त्यांचा चेहरा मुलाचा निकाल सांगणाऱ्या बापासारखा झाला होता. 'ऑफिस स्पेस'मध्ये असा एकही चेहरा नाही.

शेवटी पीटर बांधकामावर जातो. हातात फावडं, डोक्यावर मोकळं आकाश, आणि तो सुखी. माझे बाबा पंचवीस वर्षं बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होते. उन्हात उभं राहून मोकळं वाटतं, असं ते एकदाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. मुलीने एसीत बसावं म्हणून त्यांनी माझी फी भरली. दुसऱ्याचे कष्ट सुट्टीसारखे दाखवायचे आणि आपल्या कामाला पोकळ म्हणायचं, ही जजने शोधलेली सोपी पळवाट आहे. साहेबांवरचा राग त्याने कामावर काढला.

तरी ऑफर लेटर हातात आलं असेल, तर हा सिनेमा जरूर पाहा. साहेब कसे असतात, ते यापेक्षा चांगलं कुणी दाखवलेलं नाही. काम कसं असतं ते मात्र टीममधल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा. चहा तुम्ही पाजा.