खोडी सरहद्दीवर जाते तेव्हा

किपलिंगचं ‘स्टॉकी अँड कंपनी’ (१८९९) वाचताना मी आधी खूप हसलो. त्यातली शाळा त्याची स्वतःचीच: इंग्लंडात डेव्हनच्या किनाऱ्यावरचं युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज. लष्करी अधिकाऱ्यांनी ते १८७४मध्ये काढलं, मुलांना कमी खर्चात सैन्याच्या परीक्षेला बसवण्यासाठी. थोडक्यात, आपले क्लासेसच. पुस्तकात मात्र अभ्यासापेक्षा खोड्याच जास्त. स्टॉकी लपून गाडीवानाला गलोलीने मारतो. तो चिडून मास्तरांच्या खोलीवर दगड फेकतो. पुढे अधिकारी झालेला स्टॉकी हाच डाव हिंदुस्थानच्या सरहद्दीवर खेळतो आणि दोन टोळ्या एकमेकींवर तुटून पडतात. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगला त्यात शाळेचं यश दिसतं, मेलेली माणसं दिसत नाहीत. तिथे माझं हसू थांबलं. पण गाडीवानावर मी हसलो होतोच.